पहूरची कॅन

"माह्यं पानी कोनं नेलं?"

बाथरूमच्या दारात पहूरची उभी होती. डोक्याला टॉवेल, एका हातात साबणाची डबी, दुसऱ्या हातात रिकामी कॅन. आवाज असा की खाली रस्त्यावरून चाललेल्या रिक्षावाल्यानं आपल्यालाच कोणी थांबवतंय म्हणून ब्रेक दाबला. तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांची दारं उघडली. कोणी तोंडात ब्रश घेऊन आलं, कोणी एकाच डोळ्यात काजळ घालून. रांगेत ठेवलेल्या बादल्यासुद्धा मला त्या सकाळी भिंतीकडे सरकल्यासारख्या वाटल्या.

"जिनं नेलं तिनं समोर यावं," पहूरची म्हणाली. "मी काही करनार नाही. फक्त तोंड पाहीन."

कोणी समोर आलं नाही. तिचं तोंड पाहून मीही मागे सरकले, आणि मी तर निर्दोष होते.

जळगावच्या त्या मुलींच्या होस्टेलात नावं फक्त हजेरीपुरती होती. एरवी ज्या त्या मुलीला तिच्या गावाच्या नावानं हाक मारायची. ती पहूरची, मी शिंदखेड्याची. एक असोद्याची होती, तिच्याबद्दल पुढे येईलच, कारण संशयाच्या गोष्टीत ती येणार नाही असं होणं नाही.

बाथरूममध्ये नळ असताना कोणी कॅनभर पाण्यासाठी रिक्षा का थांबवावी, हे कळायला आधी आमच्या नळांचं पाणी कळलं पाहिजे. ते बोअरचं होतं. पाणी म्हणायचं ते शिष्टाचार म्हणून, खरं तर तो पातळ केलेला दगड होता. नळांच्या तोट्यांना पांढऱ्या दाढ्या आल्या होत्या. बादलीत रात्रभर पाणी ठेवलं तर सकाळी तळाशी चुन्याची भाकरी तयार. साबण त्या पाण्यात इतका लाजायचा की फेस म्हणून काढायचा तो अंगभर घासून घासून काढला तरी दहीकाल्यासारखा गोळा होऊन नालीकडे निघून जायचा. मेसच्या मावशी एकदा चुकून त्याच पाण्यात तुरीची डाळ लावून बसल्या. कुकरनं शिट्ट्या मारून मारून घसा बसवून घेतला, डाळ मात्र शेवटपर्यंत दाणा दाणा वेगळी राहिली. आणि केस! आमच्या बाथरूमच्या जाळीत जेवढे केस अडकायचे तेवढ्यांत एखाद्या सिनेमावाल्यानं सगळ्या राक्षसांचे टोप करून घेतले असते.

नगरपालिकेचं गोड पाणी यायचं, पण ते दोन दिवसांआड आणि तेही खाली अंगणातल्या एकाच नळाला. ते फक्त प्यायला. त्या पाण्यानं कोणी तोंड धुताना सापडली तर रेक्टर मॅडम तिच्या आईवडलांपासून सुरुवात करायच्या.

मला या सगळ्याचं फार काही वाटायचं नाही. मी शिंदखेड्याची. आमच्याकडे नळ येतो म्हणजे जावई येतो. कधी येईल सांगता येत नाही, आला की सगळ्या गल्लीत धावपळ, आणि थांबतो थोडाच वेळ. नळाला पहिली गुळणी आली की माय 'नय उना, नय उना' करत, म्हणजे नळ आला म्हणत, एकच काम करायची. घरातलं होतं नव्हतं ते पाणी ओतून द्यायची. पिंप, बादल्या, घागरी, कळशी, देवासमोरचा गडूसुद्धा. ज्या गावात थेंबाथेंबासाठी भांडणं होतात त्या गावात बायका आधी भरलेली भांडी अंगणात उपडी करतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो खोटं समजतो. पण शिळं ते शिळं, मायच्या अहिराणीत शियं. शिळ्यात ताजं मिसळलं तर ताजंही शिळं होतं, हा आमच्याकडचा कायदा, त्यावर अपील नाही. एकदा मायनं अशी सगळी भांडी रिती केली, घासली, उपडी घातली आणि नळ खोकून गेला. त्या आठवड्यात आम्ही काय प्यायलो ते मी सांगत नाही. माय म्हणाली, शिळं तर नाही ना प्यायलं.

तर पहूरची. ती फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. उंच, कमी बोलणारी, आणि कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल होस्टेलात जे होतं तेच तिच्याबद्दल झालं होतं. सगळ्यांना संशय होता, कशाचा ते ठरायचं बाकी होतं. ते एका शनिवारी ठरलं. तिचे वडील, ज्यांना ती आबा म्हणायची, एसटीनं आले आणि खांद्यावरून दुधाची भली मोठी पांढरी कॅन उतरवून गेटवर ठेवली. ती कॅन तिनं तिसऱ्या मजल्यावर चढवली, आणि शेवटच्या बाथरूममध्ये, जिथला नळ बिघडला होता आणि जिथे आम्ही खराटे नि फुटक्या बादल्या ठेवायचो, तिथे कोपऱ्यात नेऊन ठेवली. रोज सकाळी ती तिथूनच आंघोळ करून यायची. दुसऱ्या शनिवारी आबा पुन्हा आले, भरलेली कॅन ठेवली, रिकामी नेली.

त्या कॅनवर नाव नव्हतं. माझा पहिला संशय तिथेच. आमच्याकडे मुली कंगव्यावर नाव घालायच्या, साबणावर सुईनं कोरायच्या, आणि ही एवढी मोठी कॅन बिननावाची ठेवते? ज्या वस्तूवर नाव नाही तिच्याकडे कोणी बघत नाही, एवढी हुशारी तिच्यात होती, आणि हुशारी दिसली की माझी झोप उडते.

असोद्याचीनं लगेच सांगून टाकलं की आत दूध आहे. पहूरला यांच्या म्हशी आहेत, ही दुधानं आंघोळ करते. मी म्हटलं, दुधानं आंघोळ केली असती तर बाथरूममध्ये मुंग्यांची जत्रा भरली असती. मग कोणी म्हणालं, कुठल्या तरी बाबाचं मंतरलेलं पाणी असणार, परीक्षा जवळ आलीय. कोणी म्हणालं, मोहाची दारू असेल. आंघोळीला दारू कोण वापरतं, असं विचारलं तर म्हणे, आंघोळीला वापरते हे तुला कोणी सांगितलं?

एवढं झाल्यावर गप्प बसणं मला शोभलं नसतं. एके दिवशी दुपारी सगळ्या कॉलेजला असताना मी त्या बाथरूममध्ये गेले आणि कॅनचं झाकण उचललं. वास घेतला. काही नाही. बोट बुडवून चाटलं. नुसतं पाणी, पण असं गोड की मला एकदम भूक लागली. आणि तेवढ्यात मागून आवाज आला.

"झालं का हुंगून?"

पहूरची दारात. मी म्हटलं, माझी बादली शोधत होते. ती म्हणाली, कॅनमधी? मग तिनं बाही वर केली आणि दंडाची आतली बाजू दाखवली. तिथे लाल चट्ट्यांच्या जुन्या खुणा होत्या, नकाशासारख्या. मानेवरही होत्या, वेणीखाली झाकलेल्या.

पहिल्या वर्षापासून तिला इथलं पाणी बाधलं होतं. अंगावर चट्टे उठायचे, खाजवून खाजवून रक्त यायचं, पापण्या सुजायच्या. डॉक्टरांचं मलम लावलं की जायचं, बोअरनं आंघोळ केली की परत. घरचे म्हणू लागले, गाव मानवत नाही तर गावात राहायचं कशाला. आबांनी एकदा गादी गुंडाळून एसटीवर टाकायची तयारीही केली होती. शेवटी तिनं रडून, भांडून एवढंच मिळवलं होतं की आबा दर शनिवारी शेतातल्या विहिरीचं पाणी आणतील, ती त्याच पाण्यानं अंग धुईल, आणि आबा दर शनिवारी तिची मान नि दंड बघतील. एक नवा चट्टा दिसला की गादी गुंडाळायची, कॉलेज बंद. पहूरहून रोज येजा करायला कॉलेजची वेळ जुळत नव्हती, आणि शेवटचं वर्ष अर्ध्यावर होतं.

"कोनाला सांगू नको," ती म्हणाली. "नाहीतर म्हनतील हिला खरूज झाली, वेगळी बाथरूम द्या."

मी कोणाला सांगितलं नाही. मी फक्त असोद्याचीला सांगितलं. आता तिला सांगणं म्हणजे भिंतीला सांगण्यासारखंच आहे, आणि भिंतीच्या पलीकडे सगळ्या राहतात यात माझा काय दोष.

आणि तिथूनच खरा घोळ सुरू झाला. कारण आता सगळ्या मजल्याला कळलं होतं की शेवटच्या बाथरूमच्या कोपऱ्यात गोडं पाणी उभं आहे. आम्हा सगळ्यांचे केस गळत होते. सगळ्यांची कातडी पापडासारखी झाली होती. त्या बाथरूमवरून जाताना प्रत्येकीची चाल हळू व्हायची. खराटा कधी लागत नव्हता तो एकाएकी सगळ्यांना लागू लागला. पहूरची झाकणाच्या खाचेत एक कापसाचं बोंड अडकवून ठेवायची, कोणी झाकण उघडलं तर कळावं म्हणून. मग कोणीतरी ते बोंड काढून तिथे दुसरं ठेवलं असावं असा तिला संशय आला, कारण हे बोंड जरा जास्त पांढरं होतं. असं सगळं चाललेलं असताना त्या सकाळी ती बाथरूममध्ये गेली आणि कॅन रिकामी.

नुसती रिकामी नाही. उपडी. स्वच्छ घासलेली, झाकण वेगळं धुऊन शेजारी टेकवलेलं, आणि बोंड खिडकीच्या कट्ट्यावर नीट ठेवलेलं. एवढी टापटीप चोर मी आयुष्यात पाहिली नाही.

शनिवार दोन दिवसांवर होता. पहूरचीचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन दिवसांत अडकलं होतं. बोअरनं आंघोळ करावी तर चट्टा ठरलेला. करू नये तर उन्हाळ्याचे दिवस, जळगावचं ऊन, घामानंच अंगावर पुरळ येईल अशी अवस्था. ती दारातच खाली बसली. मघाचा आवाज गेला होता. "आबा गादी नेतील," एवढंच म्हणत होती.

रेक्टर मॅडम आल्या. त्यांना चौकशी करायला फार आवडायची. चष्मा काढायच्या, पुसायच्या, परत घालायच्या, आणि मग तुम्ही काल काय खाल्लं ते विचारायच्या. त्यांनी एकेकीला खोलीत बोलावलं आणि विचारलं, पाणी चोरलंस का? सगळ्यांनी नाही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी छाती काढून उभी राहिले, कारण माझ्यासाठी खुद्द रेक्टर मॅडमच साक्षीदार होत्या. आदल्या दिवशी माझं दिवसभर प्रॅक्टिकल होतं. माय शिंदखेड्याहून सकाळच्या गाडीनं आली होती, खापरावरच्या पुरणपोळ्या घेऊन. मी भेटले ती गेटवर, किल्ली दिली आणि पळाले. तिनं माझी खोली झाडली, पुसली, माठ धुऊन भरला, रिकामं बसवत नाही म्हणून बाहेरचा व्हरांडाही झाडला, रेक्टर मॅडमना पुरणपोळी खाऊ घालून त्यांच्या सुनेबद्दल तासभर ऐकून घेतलं आणि दुपारच्या गाडीनं परत गेली. मी संध्याकाळी आले तर खोली अशी चकचकीत की आधी मला वाटलं चुकून दुसरीच्या खोलीत शिरले.

"तुझ्या आईसारखी बाई नाही," मॅडम म्हणाल्या. "किती नीटनेटकी." आणि मला सोडून दिलं.

मग तपास मी हातात घेतला. माझं डोकं साधं होतं. बोअरच्या पाण्यानं धुतलेले केस झाडूसारखे होतात, गोड्या पाण्यानं धुतलेले मऊ पडतात. पाणी चोरलं म्हणजे कोणीतरी ते डोक्यावर घेतलंच असणार. तेव्हा केस तपासा, चोर सापडेल. मी मजल्यावरच्या प्रत्येकीच्या मागे जाऊन तिच्या वेणीला हात लावायला सुरुवात केली. झाडू, झाडू, खराटा, काथ्या, झाडू. एकीनं मला कोपरानं ढोसलं. आणि मग असोद्याची भेटली.

रेशीम. बोटं घातली ती घसरून बाहेर आली.

मी तिथेच तिची वेणी धरून ठेवली आणि सगळ्यांना हाक मारली. असोद्याची आधी पांढरी पडली, मग लाल, मग भांडायला लागली. पण दहा तोंडांपुढे एका तोंडाचं किती चालणार. शेवटी तिनं जे सांगितलं ते चोरीपेक्षा भयंकर होतं. असोदा जळगावला इतकं चिकटून आहे की त्यांच्याकडे वांगं भाजलं तर आमच्या होस्टेलात भरिताचा वास यावा. एवढ्या जवळची मुलगी होस्टेलवर का राहते, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा संशय होता. ती सांगायची, अभ्यास होत नाही घरी. खरी गोष्ट अशी की पहिलं लेक्चर बुडवून ती भावाच्या मोटरसायकलवर घरी जायची, घरच्या पाण्यानं डोकं धुवायची, ताक प्यायची आणि दुपारी परत यायची. सबंध वर्षभर! आणि आमच्याबरोबर बोअरच्या रांगेत बादली ठेवून पुढे केसगळतीवर रडायची ती वेगळीच. तिची बादली रांगेत असायची तेव्हा ती स्वतः असोद्यात असायची. मी कित्येकदा त्या बादलीला नमस्कार केल्यासारखं ओलांडून गेले होते.

"तुमच्या पान्याला मी हातबी लावला नाही," ती म्हणाली. "मला काय गरज?"

हे पटण्यासारखं होतं, म्हणून जास्तच राग आला.

चोर सापडला नाही. शुक्रवार उजाडला. पहूरचीनं आदल्या दिवशी नुसतं ओल्या फडक्यानं अंग पुसलं होतं आणि उन्हात कॉलेजला जाऊन आली होती. मानेवर एक ठिकाण गुलाबी दिसत होतं. ती सारखी तिथे हात नेत होती आणि मधेच थांबवत होती.

तेव्हा कोणाला तरी, मला वाटतं मलाच, पण असोद्याची अजून भांडते की तिला, असं सुचलं की पाणी भरून देऊ. माया म्हणून नाही हो. माया असती तर आधीच दिलं असतं. पण प्रत्येकीवर संशय होता आणि संशय अंगावरून उतरवायचा एकच मार्ग होता. प्रत्येकीनं आपल्या पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या कॅनमध्ये ओतायचा. जी ओतणार नाही ती चोर. झालं! एवढी उदारता त्या मजल्यानं कधी पाहिली नव्हती. ज्या मुली आपल्या बाटलीतला घोट मैत्रिणीला देताना बाटली डोळ्यासमोर धरून मोजायच्या त्या तांब्या काठोकाठ भरून, चार जणींना दाखवून, हळूहळू ओतत होत्या, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून. एकीनं दोन तांबे ओतले, तर लगेच तिच्यावरच संशय आला, हिला दोन का ओतावेसे वाटले? असोद्याचीनं तर भावाला फोन करून मोटरसायकलच्या दोन्ही बाजूंना कॅना बांधून आणायला लावल्या. ती स्वतः त्या जिन्यावरून ओढत वर आणताना सगळ्या मजल्याला ऐकू जाईल एवढ्यानं धापा टाकत होती.

सगळ्यात मोठा संशय पहूरचीला. ती त्या पाण्याकडे बघत उभी राहिली. नगरपालिकेचं, असोद्याचं, दहा बाटल्यांचं, एक तांब्या माझ्या माठातला. हे बाधलं तर? तिनं मनगटावर थोडं घेतलं, साबण लावला, घासला. फेस आला, पांढरा, फुगीर, आम्ही कित्येक महिन्यांत न पाहिलेला. आम्ही सगळ्या त्या फेसाकडे देव पाहिल्यासारख्या पाहत राहिलो. मग ती आत गेली आणि बराच वेळ आंघोळ केली. दाराबाहेर आम्ही उभ्या. आतून पाण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येकीला तो आपलाच तांब्या वाटत होता.

शनिवारी आबा आले. खांद्यावर नवी कॅन, पिशवीत केळ्यांची फणी. पुरुषांना वर परवानगी नव्हती, म्हणून पहूरची जुनी कॅन घेऊन खाली व्हरांड्यात गेली आणि आम्ही जिन्यावर बसलो, जणू आम्हाला तिथेच अभ्यास सुचला होता. आबांनी आधी लेकीची मान पाहिली. वेणी बाजूला करून, उजेडाकडे वळवून, जशी केळीच्या घडावर डाग आहे का ते पाहावं तशी. मग दंड. मग दुसरा दंड. गुलाबी ठिकाण निवळलं होतं.

जुनी कॅन उचलायला गेले तर ती जड लागली. दर शनिवारी रिकामी मिळायची. आबांनी झाकण काढलं. आत अर्ध्याच्या वर पाणी. त्यांनी ओंजळ भरली आणि प्याले.

"हे आपल्या विहिरीचं नाही," ते म्हणाले.

पहूरची खाली बघत होती. मला वाटलं, गेली. आता गादी खाली येणार. मी मनात गादी गुंडाळूनही टाकली, दोरीसुद्धा बांधली.

तिनं सगळं सांगितलं. कॅन रिकामी सापडली, कोणी केलं कळलं नाही, मग सगळ्यांनी ओतलं. हळू आवाजात, एका दमात. आबा ऐकत होते. आमच्याकडे एकदा पाहिलं. त्या नजरेखाली असोद्याचीनं आपलं पुस्तक सरळ केलं, कारण ते उलटं होतं.

"ह्याच पान्यानं अंग धुतलं?"

"हो."

"मंग हे मानवलं ना तुला."

एवढं म्हणून त्यांनी नवी कॅन तिच्याकडे सरकवली, जुनी तशीच तिच्याजवळ राहू दिली, आणि केळी आमच्याकडे जिन्यावर पाठवली. गादीचा विषय निघाला नाही. पुढे परीक्षेपर्यंत ते कधी आले, कधी नाही आले. ते नाही आले की आम्ही तांबे ओतायचो. पहूरची पास झाली, आता जामनेरच्या बाजूला औषधाच्या दुकानात उभी असते आणि कोणी खाजेचं मलम मागितलं की आधी विचारते, पाणी कुठलं?

पण चोर? माझ्या जिवाला तो घोर लागून राहिला. उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेले तेव्हा मी मायला सगळी गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. चोर एक नव्हता, टोळी होती. असोद्याचीच्या भावाच्या मोटरसायकलच्या जागी मी ट्रॅक्टर घातला. आबा ओंजळ पितात तिथे मी थांबले, पाणी प्याले, मग पुढे गेले. शेवटी म्हटलं की पाणी नेलं कोणी हे आजपर्यंत कळलं नाही, आणि नेणारी तरी कशी, तर कॅन घासून उपडी घालून, बोंड खिडकीत ठेवून गेलेली.

माय अंगणात बसून मेथी निवडत होती. तिनं एक जून काडी बाजूला टाकली.

"पांढरी कॅन? खराट्याजवळची?"

मी म्हटलं, हो, तुला कसं माहीत?

"शियं व्हतं ते," माय म्हणाली. "नय उना व्हता."